पंडितांची कसोटी

सोनाराच्या हातीं दागिना दिला, कीं प्रथम तो कसोटीवर त्याची रेघ ओढून पाहतो. दागिना वाड्यांतून आला कीं झोपडींतून, हें त्या काळ्या दगडास ठाऊक नसतें. शास्त्रीय नियतकालिकांनींही अशीच एक कसोटी बाळगिली आहे.

संशोधक आपला निबंध संपादकाकडे धाडतो. संपादक तो त्याच विषयांत मुरलेल्या दोघांतिघांकडे पाठवितो. बहुधा त्यांचीं नांवें लेखकास कळत नाहींत. रीत निर्दोष आहे काय, पुरावा पुरेसा आहे काय, निष्कर्ष त्यांतूनच निघतो काय, हें पाहून ते लेखी अभिप्राय देतात. मग निबंध छापावा, सुधारून घ्यावा कीं परत करावा, हें संपादक ठरवितो. लंडनमध्यें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हें नियतकालिक १६६५ सालीं निघालें. परंतु परीक्षकांचे लेखी अभिप्राय मागविण्याची प्रथा रॉयल सोसायटीनें पाडली ती १८३० नंतर.

थोरांस ही प्रथा कधीं कधीं जाचक वाटते. १९३६ सालीं आइन्स्टाइन यांचा गुरुत्वलहरींवरील निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकानें परीक्षकाकडे पाठविला. आइन्स्टाइन रागावले व त्यांनीं निबंध परत घेतला. पण परीक्षकाचा आक्षेप खरा होता. पुढील वर्षीं तो निबंध दुसरीकडे छापला गेला, तेव्हां त्याचा निष्कर्ष बदललेला होता.

आपल्याकडील उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें. १९०७ सालीं गोव्यांत त्यांचा जन्म झाला. शिक्षण हार्वर्ड विद्यापीठांत झालें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित शिकविलें. १९४३-४४ च्या सुमारास ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या आनुवंशशास्त्राच्या नियतकालिकांत त्यांनीं गुणसूत्रावरील अंतर मोजण्याचें एक सूत्र मांडलें. कोसंबी जीवशास्त्रज्ञ नव्हते. तरी त्या विषयाच्या जाणकारांपुढें तें सूत्र टिकलें, आणि आजही तें त्यांच्याच नांवानें वापरलें जातें.

दुसऱ्या निबंधाचें दैव निराळें ठरलें. मूळ संख्यांच्या वांटणीशीं निगडित असें एक अनुमान रीमान या जर्मन गणितज्ञानें १८५९ सालीं मांडलें होतें. तें आजतागायत सिद्ध झालेलें नाहीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९५९ मध्यें, कोसंबींनीं त्यावरील आपला दावा प्रसिद्ध केला, तो मात्र ‘इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’च्या नियतकालिकांत. त्या वाचकांचा विषय पिकांचे नमुने आणि शेतांवरील प्रयोग! मुंबईच्या ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत कोसंबी काम करीत, तेथेंच के. जी. रामनाथन् यांच्यासारखे मूळ संख्यांचे जाणकार होते. कोसंबींची सिद्धता टिकली नाहीं, आणि गणितज्ञांत त्यांच्या नांवास उणेपणा आला. १९६६ सालीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

प्राचीन आहत नाणीं ताजव्यांत तोलून, त्यांच्या झिजेवरून कालक्रम लावण्याची कोसंबींची रीत इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. नाण्यास तोलणारा कांटा कसा नेमका हवा, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक होतें? निबंधासही तसाच नेमका कांटा लागतो.

परीक्षकही माणूसच आहे. तो चुकतो, क्वचित् मत्सरही करतो. तथापि जाणता परीक्षक लेखकाचा वैरी नव्हे. चूक चारचौघांत जाण्यापूर्वीं ती कानांत सांगणारा तो हितचिंतकच होय.