माळ्यावरच्या बंदुकीचं वय

माळ्यावर ठासणीची जुनी बंदूक निघाली की पहिला प्रश्न, "किती जुनी? किती येतील?" मंडळी, आधी ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून बघून घ्या. मग घोड्याखालची लोखंडी पट्टी पाहा. मुकुट, 'टॉवर' आणि साल दिसलं, तर ती १८५३ च्या एनफिल्ड घराण्यातली असू शकते, नकलाही असतात. नळीत तीन आटे असले तर रायफल. नळी गुळगुळीत असली तर? १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना मुद्दाम बिनआट्याच्या बंदुका दिल्या, नेम लांब जाऊ नये म्हणून. तो अविश्वास नळीत अजून दिसतो. किंमत या खुणांचीच. पॉलिश पेपरनं घासू नका. साल पुसलं की मोलही गेलं. विकायच्या आधी परवान्याचं पोलीस ठाण्यात विचारा.