आयबीएम गेली, पण शहाणपण इथेच राहिलं



वरळीतल्या आमच्या ऑफिसात ‘केटी’ हा शब्द रोज कानावर पडतो. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. मुख्यालय परदेशात, आम्ही इथली शाखा. मध्यंतरी एक सिनियर नोकरी सोडून गेला. जाताना ऐंशी पानांचं डॉक्युमेंट देऊन गेला. दोन आठवड्यांत सिस्टम अडकली आणि उत्तर त्या ऐंशी पानांत कुठेच नव्हतं. शेवटी त्यालाच फोन लावला.

मग ज्ञान नक्की कोणाचं, कंपनीचं की माणसांचं? यासाठी थोडं मागे जाऊया.

आयबीएम १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आली. मशीन विकण्यापेक्षा भाड्याने द्यायची. बाहेर जुनी झालेली १४०१ मशीनं इथे दुरुस्त करून द्यायची, यावर टीकाही झाली. म्हणजे धंदा बराचसा सर्व्हिसचा. मॅन्युअल अमेरिकेचं, पण बिघाड इथला! तो ग्राहकाच्या ऑफिसात, मशीनसमोर उभं राहूनच कळायचा.

१९७३चा फेरा कायदा आला. परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणा, असं सरकार म्हणालं. आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला.

मशीनं मात्र इथेच होती. त्यांची देखभाल सरकारी सीएमसीकडे आली, तब्बल ८००हून जास्त ठिकाणची. आयबीएमच्या काही जुन्या लोकांनी आयडीएम नावाची स्वतःची कंपनी काढली. कंपनी गेली, पण ओळखी आणि हातातली सवय राहिली.

पुढे सीएमसीला इतर परदेशी कंपन्यांची मशीनंही सांभाळावी लागली. एकाच मुख्यालयाच्या चष्म्यातून बघणं संपलं. १९८०च्या दशकात याच सीएमसीने रेल्वेचं कॉम्प्युटर रिझर्व्हेशन उभं केलं. कोटे, वर्ग, वेटिंग लिस्ट हे सगळं कुठल्या परदेशी मॅन्युअलमध्ये मिळणार? ते रेल्वेच्याच माणसांकडून शिकावं लागतं.

२००१ मध्ये सीएमसी टाटांकडे गेली, २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. आणि आयबीएम? १९९२ मध्ये परतली, तीही टाटांचा हात धरून!

मला यातून एवढंच कळलं: शाखेचं ज्ञान मुख्यालयाकडून फक्त सुरू होतं. वाढतं ते ग्राहक, सहकारी, जुने दोस्त यांच्या जाळ्यात. म्हणून आता मी केटी लिहिताना शेवटी एक पान जोडतो: ‘अडलं तर कोणाला विचारायचं.’

तुमच्या टीममध्ये ते पान आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!