रमाबाई, आजीबाई आणि दोन बिशप: बाप्तिस्म्यानंतरची पत्रं

आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने. नवीन अ‍ॅप टाकल्यावर जे नियम आणि अटी येतात, ते तुम्ही शेवटचे कधी पूर्ण वाचले होते? मी अशी अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकीच एक आहे, आणि मीही वाचत नाही. सरळ खाली जायचं आणि 'मान्य' दाबायचं.

आजची गोष्ट आहे अशा एका बाईची, जिने 'मान्य' म्हटल्यावर एकेक कलम वाचायला घेतलं आणि पत्रं लिहिली, की हे पटतंय, हे पटत नाही, आणि हे मूळ ग्रंथात कुठे आहे ते दाखवा. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. वर्ष 1885, ठिकाण इंग्लंड. आणि समोर होत्या जोगिणी, शिक्षिका, पाद्री आणि चक्क दोन बिशप.

थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पायी भारतभर फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि दोन वर्षांतच नवराही कॉलऱ्याने गेला. 1882 मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं.

पुण्यातला पंचहौद तुम्हाला माहीत असेल. टिळक-रानड्यांचं ते गाजलेलं चहा प्रकरण झालं, तेच मिशन. तिथे इंग्लंडच्या वाँटेज गावातल्या मठाच्या सिस्टर्स काम करायच्या. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून 1883 मध्ये त्या याच सिस्टर्सच्या ओळखीने वाँटेजला गेल्या. ठरलं असं, की सिस्टर्सना मराठी शिकवायचं आणि त्याबदल्यात मठात राहायचं. ख्रिस्ती होणार नाही, असं सांगूनच त्या निघाल्या होत्या.

पण तिकडे गोष्टी वेगळ्याच वळणाला लागल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी थोड्याच काळात स्वतःचं जीवन संपवलं. कमी ऐकू येत असल्यामुळे रमाबाईंचं डॉक्टरकीचं स्वप्नही मोडलं. त्याच काळात त्यांनी लंडनजवळ फुलहॅमला सिस्टर्सचं एक काम पाहिलं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे जवळ केलं जात होतं. अशा बाईला शिक्षा न करता सावरणारा धर्म त्यांना तिथे दिसला, आणि येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट मनात रुतली. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे एक मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर उभं आहे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या एका कृतीकडे बघून. सिद्धांतांचा हिशेब नंतर सुरू झाला.

पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील. आता पत्रव्यवहाराचा त्रिकोण तयार झाला. एका टोकाला रमाबाई, दुसऱ्या टोकाला बीलबाई, आणि तिसऱ्या टोकाला पुण्याहून ओळख असलेल्या सिस्टर जेराल्डीन. या जेराल्डीनबाई म्हणजे रमाबाईंची धर्ममाता. पत्रांत रमाबाई त्यांना चक्क 'आजीबाई' म्हणायच्या. इंग्रजी पत्र, आणि त्यात मराठी आजीबाई!

पण या आजीबाईंशीच सगळ्यात कडक वाद झाला.

पहिला वाद त्रैक्याचा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, हा चर्चचा पाया. रमाबाईंचं म्हणणं असं, की देव एक हे मला मान्य, येशू तारणारा हेही मान्य, पण तो देवाच्या बरोबरीचा आहे हे मला बायबल वाचून पटत नाही. कुमारीपोटी जन्म, तिथेही शंका. अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव शब्दांतली कबुली, इंग्लंडच्या चर्चमध्ये म्हटली जायची. हे सगळं मानलं नाही तर नाश अटळ, असं त्यात आहे. रमाबाई विचारत होत्या, की हा मजकूर बायबलात नाही, तर तो माझ्यावर बंधनकारक कसा? मी ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घेतला, तुमच्या चर्चच्या प्रत्येक कलमावर सही केलेली नाही.

जेराल्डीनबाईंची बाजूही ऐकायला हवी. त्यांनी आज्ञापालनाची शपथ घेतलेली. त्यांच्यासाठी चर्च म्हणजे शेकडो वर्षांची साक्ष. कालपरवा आलेल्या एका मुलीने एकटीने बायबल उघडावं आणि त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं म्हणावं, हा त्यांना गर्व वाटला. आणि त्यांचा एक प्रश्न खरंच बोचरा होता. हे पटत नव्हतं, तर बाप्तिस्मा घेतलास कशाला?

रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, लगेच तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. विचार करा, हे लिहिणारी बाई सत्तावीस वर्षांची आहे. परक्या देशात, नव्याने शिकलेल्या भाषेत लिहिते आहे. आणि डोक्यावरचं छप्पर ज्यांचं आहे, त्यांनाच लिहिते आहे.

दुसरा वाद वरवर किरकोळ. रमाबाई शाकाहारी होत्या, आपले जुने आचार जमेल तेवढे पाळत होत्या. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा शिल्लक अभिमान दिसला. मग रमाबाईंनी खास पुणेरी म्हणावं असं उत्तर पाठवलं. पुडिंगपासून पायमोज्यांपर्यंत आणि मी रोज जाळते त्या कोळशापर्यंत, हवा तिथे माझा गर्व शोधा, असं! क्रॉसवर लॅटिन अक्षरं हवीत असं सुचवलं गेलं, तेव्हाही त्यांनी विचारलं, की लॅटिन संस्कृतपेक्षा जास्त पवित्र आहे का? ख्रिस्ती व्हायचं म्हणजे इंग्रज व्हायचं, हे त्यांना कबूल नव्हतं. मनोरमेबद्दलही तेच. तिने आपण भारताची लेक आहोत हे विसरू नये, आणि तिला काय शिकवायचं ते आईने ठरवावं.

तिसरा वाद, आणि इथे बिशप येतात. चेल्टनहॅमला रमाबाईंनी शिकवावं आणि त्या वर्गात पुरुष विद्यार्थीही असावेत, अशी कल्पना निघाली. बीलबाई अनुकूल होत्या. सल्ला विचारला गेला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांना. दोघांचंही उत्तर नकाराचं. कारण काय, तर भारतात कळलं तर तिची पत जाईल. यावर रमाबाईंना आश्चर्यच वाटलं. ज्या भारताचं नाव पुढे केलं जात होतं, तिथे त्यांनी पुरुषांच्या भरसभेत संस्कृतात भाषणं केली होती. वडिलांनी कधी अडवलं नाही, नवऱ्याने अडवलं नाही, आणि आता इंग्लंडमध्ये इंग्रज अडवत होते.

बीलबाईंचं वागणं मात्र वेगळं होतं. त्या स्वतः श्रद्धाळू, पण शंकेच्या काळातून गेलेल्या. शंका दाबू नये, तिला उत्तर द्यावं, असं त्यांचं मत. त्यामुळे त्यांच्याशी झालेली पत्रं वाचताना शिस्तीची धमक नाही, दोन अभ्यासकांची चर्चा दिसते.

आणखी एक आवाज होता, आपल्याच मातीतला. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री. काशीत वाढलेले चित्पावन, 1848 मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे अँग्लिकन पाद्री. पुण्यात रमाबाईंशी त्यांच्या चर्चा झाल्या होत्या. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्यांनी रमाबाईंना शास्त्रीपद्धतीने, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करत सविस्तर लिहिलं. गंमत बघा, आज्ञेने जे झालं नाही, त्यात युक्तिवादाचा उपयोग झाला. आपल्या श्रद्धेच्या प्रवासात गोऱ्यांचा मोठा वाटा आहे, असं रमाबाईंनी नंतर मोकळेपणाने सांगितलं.

इकडे महाराष्ट्रात धर्मांतरामुळे गदारोळ चालूच होता. 'सत्सार'मध्ये तिची बाजू घ्यायला उभे राहिले ते जोतीराव फुले. म्हणजे एका बाजूला पुणं म्हणत होतं ही बाटली, दुसऱ्या बाजूला मठ म्हणत होता ही पुरेशी ख्रिस्ती नाही. दोन्हीकडचा राग एकाच सवयीवर होता, स्वतः वाचून ठरवण्याच्या.

1886 मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन. पुढे शंका फिटल्या, त्या ख्रिस्ताचं देवत्व मानणाऱ्या झाल्या, पण कुठल्याही एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, गावाकडच्या बाईला वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या. बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं, आणि ते छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. 'मूळ ग्रंथात कुठे आहे ते दाखवा' म्हणणारीने शेवटी मूळ ग्रंथच इतर बायकांच्या हातात ठेवला.

आता राहतो एक प्रश्न. ही पत्रं आपल्यापर्यंत आली कशी? ती जपून, जुळवून ठेवली सिस्टर जेराल्डीन यांनी. 1977 मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाने छापली. जिला त्यांनी गर्विष्ठ म्हटलं, तिने त्यांना दिलेली उत्तरं त्यांनी फाडून टाकली नाहीत. मला त्या वादात रमाबाईंची बाजू पटते. पण समोरच्याची बाजू जपून ठेवायला काय लागतं, ते आजीबाईंकडून शिकावं. आपल्याकडे तर वाद झाला की पहिल्यांदा चॅट डिलीट होतं.

तुमच्या घरी जुनी पत्रं असतील, भांडणाची असली तरी, रद्दीत घालण्याआधी एकदा वाचा. भेटू पुढच्या भागात!