प्रीमियर पद्मिनी : दोषशोधन व दुरुस्ती

भारतातील मोटार-दुरुस्तीच्या इतिहासात महत्त्वाची ठरलेली गाडी. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतील कुर्ला येथे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ‘फियाट ११००’ ही गाडी काढली. तिच्या सुधारित प्रतिरूपास १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले.

तिच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनातील दोष एकेक शक्यता वगळून शोधीत. एंजिन फिरूनही पेट घेत नसल्यास प्लगची तार धातूच्या भागाजवळ धरून ठिणगी पाहत. ती न पडल्यास डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट, कंडेन्सर व कॉइल तपासत. पडल्यास पेट्रोलचा पंप व कार्ब्युरेटर. उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी अडे, तेव्हा पंपावर ओले फडके ठेवीत.

बहुतेक दोष डोळा, कान व हात यांना उमगत. त्यामुळे साध्या हत्यारांवर दुरुस्ती होई. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्यांत हे काम निदान-उपकरणाकडे गेले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले; ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. जतन केलेल्या गाड्या चालत्या राहण्यास सुट्या भागांइतकेच जुन्या कारागिरांचे हे ज्ञानही आवश्यक आहे.