गाव इंग्लंडचं, आडनाव गोऱ्या जमीनदारांचं. मग अमेरिकेतले बहुतेक 'वॉशिंग्टन' कृष्णवर्णीय कसे?

जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. देशाच्या राजधानीला त्यांचं नाव आहे, एका राज्यालाही आहे आणि एक डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. पण २००० साली अमेरिकेत जनगणना झाली, तेव्हा वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक सापडले आणि त्यातले ९० टक्के कृष्णवर्णीय होते. अभिनेता डेन्झेल वॉशिंग्टन हे त्यातलं सर्वात ओळखीचं नाव.

हे आडनाव मूळचं अस्सल इंग्लिश. मग हे घडलं कसं?

आडनावाचं मूळ गाव

इंग्लंडच्या ईशान्य भागात, डरहॅमजवळ वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. नावाचा धुण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे वस्ती, आणि गावाच्या नावाचा अर्थ साधारण 'ह्वासाच्या लोकांची वस्ती' असा लावला जातो. हा ह्वासा म्हणजे त्या काळचा कुणी माणूस असावा.

बाराव्या शतकात विल्यम डी हर्टबर्न नावाच्या जमीनदाराकडे हे गाव आलं. जमीन बदलली तसं त्याने नावही बदललं आणि तो झाला विल्यम डी वेसिंग्टन. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांनी रुजवलेला हा 'डी' म्हणजे आपल्या सातारकर, नगरकरमधला 'कर'च. पुढे 'डी' गळाला, स्पेलिंग बदलत गेलं आणि सातारकर मुंबईला गेला तरी सातारकरच राहतो, तसे हे लोक गाव सोडूनही वॉशिंग्टनच राहिले.

त्यांची एक शाखा नॉर्दम्प्टनशायरमध्ये गेली. तिथे लोकरीच्या व्यापारात पैसा कमावलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये सलग्रेव्ह इथली मठाची जमीन आठव्या हेन्रीच्या सरकारकडून विकत घेतली. याच घराण्यातला, याच नावाचा एक धर्मगुरू मात्र यादवी युद्धाच्या काळात अडचणीत आला. सतत दारूच्या गुत्त्यात असतो, असा ठपका ठेवून १६४३ मध्ये त्याला चर्चमधून काढण्यात आलं. तो राजाच्या बाजूचा होता आणि काढणारे संसदेच्या बाजूचे, त्यामुळे हा आरोप जपूनच घ्यायला हवा.

त्याचा मुलगा जॉन नशीब काढायला जहाजावर चढला आणि १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात स्थायिक झाला. जॉर्ज वॉशिंग्टन (जन्म १७३२) हे या जॉनचे पणतू.

माउंट व्हर्ननचा हॅरी

जॉर्ज यांच्या वडिलांचं निधन झालं तेव्हा ते ११ वर्षांचे होते. वारशात जमिनीबरोबर त्यांना १० गुलाम मिळाले. १७९९ मध्ये त्यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. पत्नी मार्था यांच्या मृत्यूनंतर या १२३ जणांना मुक्त करावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं. प्रत्यक्षात मार्था यांनी १ जानेवारी १८०१ लाच त्यांना मुक्त केलं. बाकीचे बहुतेक मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते. ते गुलामच राहिले.

एक जण मात्र मृत्युपत्राची वाट पाहत बसला नव्हता. आफ्रिकेतून पकडून आणलेला हॅरी माउंट व्हर्ननच्या तबेल्यात काम करायचा. मालक ब्रिटिशांविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई लढत होते, तेव्हा १७७६ मध्ये हा पळून थेट ब्रिटिशांकडे गेला, कारण गुलामांना मुक्तीचं आश्वासन तेच देत होते. १७८३ मध्ये ब्रिटिशांनी सोबत नेलेल्या कृष्णवर्णीयांच्या यादीत त्याची नोंद हॅरी वॉशिंग्टन अशी आहे. तिथून तो कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला आणि १७९२ मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनला पोहोचला. तिथल्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर कर लावला आणि १८०० मध्ये वसाहतीत बंड झालं. बंडखोरांमध्ये हॅरी होता! कराच्या मुद्द्यावर ब्रिटिशांशी भांडणारा हा दुसरा वॉशिंग्टन. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली.

शाळेच्या हजेरीत मिळालेलं आडनाव

पण आजचे बहुतेक वॉशिंग्टन माउंट व्हर्ननच्या गुलामांचे वंशज नाहीत. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. (याच घटनेची दखल घेत महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.) मालकांच्या वह्यांमध्ये गुलामांची बहुतेकदा फक्त पहिली नावं असत. काही कुटुंबं आपसांत आडनाव वापरत, पण ते कागदावर येत नसे. आता मजुरीचा करार, मतदार यादी, शाळा, सगळीकडे पूर्ण नाव लागू लागलं. काहींनी जुन्या मालकाचं आडनाव ठेवलं, काहींनी ते मुद्दाम टाळलं, तर अनेकांनी देशात सर्वांना माहीत असलेलं 'वॉशिंग्टन' घेतलं.

नामवंत शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात आपल्या आडनावाची हकिकत सांगितली आहे. १८५६ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मलेल्या या मुलाला सगळे नुसतं 'बुकर' म्हणत. शाळेत हजेरी सुरू झाली, तेव्हा बाकी मुलांना दोन-दोन नावं आहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याची पाळी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं आणि शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असं सांगितलं. आईने जन्माच्या वेळी 'टॅलियाफेरो' असंही नाव ठेवलं होतं, हे त्याला नंतर कळलं. तोच त्यांच्या नावातला 'टी'.

हे नाव त्याला सुचलं कुठून? राष्ट्राध्यक्षांवरून, असं सहज वाटेल. पण त्याच्या सावत्र वडिलांचं नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन होतं, आणि घरात त्यांना 'वॉश' म्हणत.