उणे अंकाची वऱ्हाडी कुळकथा

जिवतीला, माणिकगडच्या डोंगरात, शाळेजवळच्या विहिरीचं पाणी मुलं दर महिन्याला मोजतात. कठड्यावरून टेप सोडायचा, कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. जमीन शून्य धरून मी ते आकडे एक्सेलमध्ये उणे चिन्हानं भरले. स्तंभ जमिनीखाली उतरले, मे महिन्याचा सगळ्यांत खोल. पण महिन्यांची नावं शून्याच्या रेघेलाच चिकटून राहिली आणि स्तंभांवर चढली. याला उपाय आहे: 'फॉरमॅट ॲक्सिस'मध्ये 'लेबल पोझिशन' 'लो' करायची. नावं तळाला जातात, शून्याची रेघ जागची हलत नाही. खरी अडचण पुढेच होती. एका मुलीनं विचारलं, "सर, पाणी मायनस कसं राह्यते?"

या प्रश्नाचा माग काढताना मी जिवतीहून थेट वऱ्हाडात पोचलो.

ब्रह्मगुप्तानं 628 साली धन आणि ऋण यांचे नियम बांधले, हे सर्वांना ठाऊक आहे. ऋण म्हणजे कर्ज. तेवढ्यावरून उणे अंक सावकाराच्या वहीत जन्मला असं सरसकट सांगतात. आलेखापुरतं तरी मला ते पटत नाही. कर्ज ही रक्कम आहे, तिला वर-खाली नसतं. अक्षाला दिशा लागते. मग ऋणाला दिशा कधी मिळाली?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक त्रिकोण आहे. बाजू 10 आणि 17, पाया 9. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे पडतात, त्यांना आबाधा म्हणतात. इथे उत्तर येतं 15 आणि उणे 6. बेरीज बरोबर 9 भरते, पण उणे 6 लांबीचा तुकडा कुठे असतो? भास्कराचार्य म्हणतात, तो उलट्या दिशेला आहे. कागदावर काढून पाहा: लंब पायाच्या बाहेर पडतो, एका टोकापलीकडे सहा घरं. ही 1150 च्या सुमाराची गोष्ट.

याच भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त एक उत्तर नाकारलंही आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतं. तर एकूण किती? उत्तरं दोन, 50 आणि 5. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. लोकांना हे पटत नाही म्हणून त्यांनी ते सोडलं. वानरं मोजताना उणे चालत नाही, रेघेवर चालतं. माझ्या मते अक्षाचं मूळ या फरकात आहे.

पण एका उदाहरणाचा नियम होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. नियम मांडला कृष्ण दैवज्ञानं. 'बीजगणिता'वरच्या 'बीजपल्लव' या टीकेत, 1600 च्या सुमारास, तो ऋण तीन प्रकारचं सांगतो: देशाचं, काळाचं आणि वस्तूचं. पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. कर्ज त्यात वस्तूच्या खाली येतं, तिघांपैकी एक म्हणून. हा कृष्ण काशीत राहिला, जहांगिराकडे त्याला मान होता; पण घराणं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. पयोष्णी म्हणजे वऱ्हाडातली पूर्णा असं मी धरतो, आणि दधिग्रामचं दहीगाव होणं हा मराठीचा सरळ रस्ता आहे.

युरोपीय पुस्तकं ऋणाला दिशा देण्याचा मान जॉन वॉलिसला देतात. 1685 च्या त्याच्या ग्रंथात एक माणूस पाच यार्ड पुढे चालतो, आठ यार्ड मागे येतो आणि शून्याच्या तीन यार्ड मागे पोचतो. उदाहरण सुंदर आहे, चित्रही आहे. वॉलिसनं 'बीजपल्लव' पाहिला होता असा माझा दावा नाही. दोघं आपापल्या वाटेनं तिथे पोचले. मात्र रेघेवरचं उणे म्हणजे उलटी दिशा, हे विदर्भातल्या घराण्याच्या माणसानं ऐंशीएक वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. पुढचं सर्वांना माहीत आहे: न्यूटननं 1704 साली छापलेल्या वक्रांमध्ये अक्ष शून्यापलीकडे नेले, प्लेफेअरनं 1786 साली व्यापाराचे आलेख काढले, 1985 साली एक्सेल आलं.

काही शिक्षक खोली धन ठेवून अक्षच उलटा करतात. चित्र तसंच दिसतं, पण मुलीचा प्रश्न त्यात बुजून जातो. म्हणून जिवतीच्या आलेखात उणे चिन्ह आहे, आणि तिला मी सांगितलं: वर धन, खाली ऋण, पाणी खालच्या दिशेला आहे.

दहीगाव नावाची गावं वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. तुमच्या दहीगावात जुन्या ज्योतिषी घराण्याची पोथी किंवा वंशावळ असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.