दारावरची पर्ल स्क्रिप्ट

मंडळी, आज जरा तांत्रिक लिहितोय. पण नातेवाईकांनी लगेच पळू नये, गोष्ट शेवटी घर बदलण्याचीच आहे.

डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टग्रेस बसवून 'पीएसक्यूएल' टाईप केलं की वाटतं, तोच प्रोग्राम सुरू झाला. छे! ती नुसती दारावरची पाटी. आत बसलेली असते 'पीजी_रॅपर' नावाची पर्ल स्क्रिप्ट. कुठल्या आवृत्तीच्या, कुठल्या डेटाबेसकडे जायचंय ते ती ठरवते आणि मग खऱ्या प्रोग्रामला हाक मारते. खरे प्रोग्राम आवृत्तीच्या आकड्याच्या वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात.

एवढा उपद्व्याप कशाला? तर ७.४ ने डिस्कवर लिहिलेला डेटा ८.१ ला सरळ वाचता येत नाही. पूर्वी डेबियनवर पोस्टग्रेसचं एकच पॅकेज असायचं. नवं आलं की जुनं जायचं, आणि जुना डेटा बाहेर काढायला तर जुनाच सर्व्हर हवा! आधी डंप घेतला नसेल तर संपलं... वर्षांचे हिशेब, ग्राहकांच्या याद्या, सगळं डिस्कवर शाबूत, पण वाचणारं कोणी नाही.

मार्टिन पिट यांनी २००५ च्या सुमारास 'पोस्टग्रेस्क्यूएल-कॉमन' हे पॅकेज लिहून हा गुंता सोडवला. एप्रिल २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० मध्ये ७.४ आणि ८.१ शेजारी शेजारी नांदत होते. पहिल्याला ५४३२ पोर्ट, दुसऱ्याला ५४३३. प्रत्येकाचा डेटा वेगळा, कॉन्फिगरेशन वेगळं. अशा प्रत्येक बिऱ्हाडाला 'क्लस्टर' म्हणतात.

याचा त्रासही आहे म्हणा. मूळ पुस्तिका वाचून कोणी 'इनिटडीबी' टाईप करतो आणि उत्तर येतं, अशी आज्ञाच सापडत नाही! डेबियनची आज्ञा वेगळी, 'पीजी_क्रिएटक्लस्टर'. नवखा माणूस वैतागतो, आणि पुस्तिका लिहिणारेही वैतागत असतील. तरी माझं मत डेबियनच्या बाजूनं.

कारण 'पीजी_अपग्रेडक्लस्टर'. ही आज्ञा नवा क्लस्टर उभा करते, डेटा हलवते आणि जुना पोर्ट नव्याला देते. पीएसक्यूएल टाईप करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जुना क्लस्टर मात्र पुसला जात नाही, बंद करून बाजूला ठेवला जातो. तो पुसायला वेगळी आज्ञा स्वतःच्या हातानं द्यावी लागते.

मी ती महिन्याभरानं देतो. डिस्क भरत आली तरच आधी.